डिपॉझिट अडकलंय? फोन ठेवा, कागद काढा

मे महिना आला की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला : 'कर्वेनगरमध्ये टू बीएचकेत एक जागा रिकामी आहे, फक्त मुली.' दुसरा त्यानंतर महिन्याभराने येतो : 'कुणाचा ओनर डिपॉझिट परत देत नसेल तर काय करायचं असतं?' पहिल्या मेसेजला दहा मिनिटांत धडाधड रिप्लाय येतात. दुसऱ्याला एक रडका इमोजी येतो आणि खाली कुणीतरी लिहितं, 'सोडून दे यार.'

हा लेख त्या 'सोडून दे यार'साठी आहे.

समजा, तुम्ही तिघींनी मिळून महिना १८ हजार भाड्याचा फ्लॅट घेतला आणि डिपॉझिट दिलं ६० हजार. म्हणजे प्रत्येकीचे २० हजार. हे पैसे कुणाच्या बाबांनी पतपेढीतून उचललेले असतात, कुणाच्या आईने भिशीचे दिलेले असतात. वर्ष संपतं, तुम्ही चावी देता. ओनरकाका म्हणतात, 'पेंटिंगचं बिल येऊ दे, मग बघू.' मग 'सध्या गावाला आहे.' मग नुसती ब्लू टिक. एव्हाना परीक्षा संपून तुम्ही नांदेडला किंवा जळगावला घरी पोहोचलेल्या असता, आणि ही गोष्ट काकांना पक्की ठाऊक असते. त्यांना काहीच करावं लागत नाही, फक्त थांबावं लागतं. तुम्ही आपोआप कंटाळता.

गंमत म्हणजे कायद्याचं घड्याळ इतक्या लवकर थांबत नाही. येणं असलेल्या पैशासाठी दिवाणी दावा करायला मुदतीच्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षं दिली आहेत. तुमची अख्खी डिग्री तेवढ्या वेळात होते. तेव्हा घाई ओनरला वाटायला हवी, तुम्हाला नाही. पण त्यासाठी भांडण फोनवरून कागदावर आणावं लागतं.

तुम्ही 'भाडेकरू' नाही, बहुतेक

आधी एक कटू गोष्ट. आपण सगळे स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण तुमच्या अ‍ॅग्रीमेंटचं शीर्षक काढून बघा. तिथे 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असणार. याचा अर्थ मालकाने तुम्हाला ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी दिली आहे, बस. जुन्या वाड्यात पागडी भरून तीन पिढ्या राहणाऱ्या आजोबांना कायदा जे संरक्षण देतो, ते तुम्हाला नाही. 'एकदा घुसलो की कोण काढतंय' हे सिनेमात ठीक आहे.

उलट महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम २४ सांगतं, की मुदत संपल्यावरही तुम्ही जागा सोडली नाहीत तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि जागा अडवून ठेवलेल्या काळासाठी तुमच्यावर दुप्पट दराने भरपाई लागू शकते. १८ हजारांचे ३६ हजार. त्यामुळे 'डिपॉझिट मिळेपर्यंत चावी देणार नाही' हा सीनियर्सचा लाडका सल्ला महागात पडू शकतो. त्यापेक्षा जागा सोडायच्या महिनाभर आधी मेसेज टाका : 'अमुक तारखेला चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी देवाणघेवाण करू.' कित्येक अ‍ॅग्रीमेंटमध्ये नेमकं हेच लिहिलेलं असतं, की ताबा मिळताच डिपॉझिट परत. आपण वाचलेलं नसतं इतकंच.

शेवटचे दोन-तीन महिने भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं करायला सांगायचं, ही दुसरी युक्ती. ओनर लेखी 'हो' म्हणत असेल तर उत्तम. नसेल तर करार तुम्ही मोडला असं होतं आणि उद्या पत्र पाठवताना तुमचा आवाज बसतो.

'अकरा महिने आहे, रजिस्टर कशाला?'

हे वाक्य ब्रोकरच्या तोंडून ऐकलं नाही असा विद्यार्थी पुण्यात सापडणं कठीण. अकरा महिन्यांचं गणित आलं ते १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून. वर्षाहून मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पण महाराष्ट्रात ही पळवाट १९९९ च्या कायद्याने बुजवली. त्याचं कलम ५५ म्हणतं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. अकरा महिने असो वा पाच. आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. स्टॅम्पपेपरवर टाइप करून खाली नोटरीचा गोल शिक्का मारला म्हणजे करार नोंदवला गेला, असं होत नाही.

नोंदवला नाही तर? मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला याहून भारी वाटलं ते याच कलमातलं दुसरं वाक्य. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक त्याच्या उलट सिद्ध करत नाही.

पुन्हा वाचा. आपण समजतो, 'रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट नाही, म्हणजे आपल्या हातात काहीच नाही.' कायदा म्हणतो, नाही म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आहे. डिपॉझिट ६० हजार दिलं होतं आणि रंगकामाचं काही ठरलं नव्हतं, असं तुम्ही सांगितलंत, तर ते खोडून काढायचं काम ओनरचं. हां, पैसे यूपीआयने किंवा बँकेतून गेलेले असले की खोडायला जागाच उरत नाही. डिपॉझिट रोख मागणाऱ्या ओनरला निदान एक सही केलेली पावती मागा.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. नोंदवलेला लेखी करार असेल तर त्यातला मजकूर मालकाच्या अर्जावर सुनावणी होताना निर्णायक पुरावा धरला जातो. 'जागा सोडताना रंगकामाचे दहा हजार कापले जातील' या ओळीखाली तुमची सही असेल, तर नंतर डोकं आपटून उपयोग नाही. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो आणि सगळे 'अंगठा द्या, पुढचा या' करत पाच मिनिटांत मोकळे होतात. त्या पाच मिनिटांआधी पीडीएफ मागवून वाचा. खर्चाचा बाऊही करू नका. आपल्या १८ हजारांच्या उदाहरणात ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क साधारण पाचशे रुपये होतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, वर एजंटचे पैसे. तिघींत आणि ओनरमध्ये वाटलं तर दोन पिझ्झे.

किती कापणं बरोबर?

खरं सांगायचं तर सगळेच ओनर खलनायक नसतात. गॅसच्या ओट्याची फरशी फोडली, कमोडचं झाकण तुटलं, भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फेअरी लाइट्स लावले आणि काढताना प्लास्टरसकट काढले, तर ते पैसे द्यावेच लागतील. पण वर्षभर माणसं राहिली की रंग थोडा मळतो, पडद्याचा रॉड सैल होतो. ही नेहमीच्या वापराची झीज. ती वगळण्याचं कलम बऱ्याच करारांत असतं. नसेल तरी 'कसलं नुकसान, किती रुपये, बिल कुठे' हे तीन प्रश्न विचारायचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. 'पेंटिंगचे १५ हजार' हा आकडा तोंडी सांगायला सोपा असतो, बिलावर आणायला अवघड.

लॉक-इनचंही तसंच. सहा महिन्यांचा लॉक-इन होता आणि इंटर्नशिप लागली म्हणून तुम्ही पाचव्या महिन्यात निघालात, तर ओनर म्हणणार, सगळं डिपॉझिट जप्त. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तुम्ही गेल्यावर आठवड्यात नवीन मुलं राहायला आली असतील, तर ६० हजारांचं नुकसान नेमकं कुठे झालं, हा प्रश्न रास्त आहे.

आणि एक इशारा. 'दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही' असं सांगणारी रील्स तुम्ही पाहिली असतील. ती मर्यादा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात कारभार अजून १९९९ च्या कायद्यावरच चालतो. रील दाखवून ओनरवर डाफरलात तर काका हसतील आणि तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

ते पत्र

आता मुख्य काम. वीस मिस्ड कॉलपेक्षा एक पानी पत्र भारी पडतं, कारण त्यात तारीख असते. वकिलाचं लेटरहेड नसलं तरी सुरुवातीला चालतं. मराठीत लिहा, साधं लिहा :

'आपल्या अमुक पत्त्यावरील सदनिकेत आम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लिव्ह अँड लायसन्सने राहत होतो. अनामत रक्कम रु. ६०,०००/- अमुक तारखेला आपल्या बँक खात्यात जमा केली. दि. अमुक रोजी जागेचा रिकामा ताबा व चाव्या आपणास दिल्या. वीजबिल त्या तारखेपर्यंत भरले आहे. आजपर्यंत अनामत रक्कम परत मिळालेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम खालील खात्यात जमा करावी. काही वजावट करायची असल्यास तिचा तपशील व बिले पाठवावीत. अन्यथा आम्हाला कायदेशीर मार्गाने वसुली करावी लागेल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.'

खाली सगळ्यांची नावं आणि सह्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा, आणि त्याच दिवशी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप व ईमेलवरही टाका. करार नोंदवलेला नसेल तर 'कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी आपली होती' एवढं एक वाक्य घाला. त्यापुढे जाऊन 'पैसे द्या नाहीतर जेलमध्ये टाकू' असलं काही लिहू नका. धमकीची भाषा आली की तक्रारदार कोण आणि आरोपी कोण, हे उलटंपालटं व्हायला वेळ लागत नाही.

चॅट डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ चॅट असलेला फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

पंधरा दिवस गेले आणि उत्तर नाही, तर हाच मजकूर वकिलाच्या नोटिशीतून पाठवायचा. कितीतरी प्रकरणं इथेच मिटतात, कारण तोवर ओनरला कळलेलं असतं की ही पोरं गावाला गेली असली तरी गप्प बसणारी नाहीत.

कुठलं दार ठोठवायचं?

बहुतेक जण आधी पोलिस चौकीत जातात आणि 'हे सिव्हिल मॅटर आहे' ऐकून परत येतात. राग येतो, पण नुसतं डिपॉझिट अडकलं असेल तर ते म्हणणं चुकीचं नाही. मुदत चालू असताना ओनरने कुलूप बदललं, सामान जिन्यात फेकलं, रात्री येऊन दमदाटी केली, मुलींच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या चावीने घुसला, तर मात्र गोष्ट वेगळी. अडवणूक, घरात बेकायदा शिरणं, धमकावणं हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. तिथे ११२ ला फोन करा आणि तक्रार लेखी द्या, त्यावर पोच घ्या.

पैशासाठीचं सगळ्यात दुर्लक्षित दार म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायालयाच्या आवारात याचं ऑफिस असतं, पुण्यात शिवाजीनगरला. १९८७ च्या कायद्याने उभी राहिलेली ही यंत्रणा मोफत वकील देते. आणि हे नीट ऐका : स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनाही नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या तिघींना नोटीस पाठवायला खिशातून वकिलाची फी भरायची गरज नाही. गावाहून १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पुढचा रस्ता विचारता येतो.

इथेच दावा दाखल होण्याआधीचा वाद लोकअदालतीत ठेवण्यासाठी अर्जही देता येतो. कोर्ट फी नाही. ओनरला बोलावणं जातं. सरकारी शिक्क्याचा कागद घरी आला की 'गावाला आहे'वाले काका अचानक शहरात सापडतात. तडजोड झाली तर तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. एक मर्यादा आहे : दोघांची तयारी लागते. ओनर आलाच नाही किंवा अडून बसला, तर लोकअदालत त्याच्यावर निकाल लादू शकत नाही.

मग उरतो वसुलीचा दिवाणी दावा. भाड्याच्या वादांसाठी मुंबईत आणि पुण्यात लघुवाद न्यायालय आहे, बहुतेक ठिकाणी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जावं लागतं. डिपॉझिटचा दावा नेमका कुठे लावायचा, हे वकील कागद बघून सांगतील. माझं स्पष्ट मत विचाराल तर एकट्या २० हजारांसाठी तारखांना शहरात येत राहणं परवडत नाही. तिघींचे मिळून ६० हजार असतील आणि वकील विधी सेवेचा असेल, तर हिशोब बदलतो.

पीजीत राहणाऱ्यांचं दार मात्र वेगळं आणि सोपं आहे. राहणं आणि जेवण पैसे घेऊन पुरवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे 'सेवा' ठरू शकते. नुसता फ्लॅट भाड्याने घेणं सहसा त्यात बसत नाही. त्यामुळे तीन वेळचं जेवण सांगून दीड वेळचं देणारा आणि वर डिपॉझिट दाबणारा पीजीवाला असेल, तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, वकील नसला तरी चालतो, तक्रार ऑनलाइन करता येते. आणि २०१९ च्या या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. पीजी पुण्यात, तक्रार नांदेडला! मुदत दोन वर्षांची.

आणि तो फ्लॅटमेट

शेवटचा गुंता ओनरचा नाहीच. अ‍ॅग्रीमेंटवर नाव दोघींचं, राहतात चौघी. मधेच एक जाते, तिच्या जागी आलेली नवी मुलगी तिला परस्पर २० हजार देते. वर्षभरात ही साखळी दोनदा फिरते. ओनरच्या कागदावर मात्र अजूनही पहिल्याच दोघी आहेत, त्यातली एक तर नोकरीला बंगळुरूला गेली. आता डिपॉझिट परत आलं तरी ते बंगळुरूच्या खात्यात जातं, आणि नव्या मुलीकडे ओनरला दाखवायला एकही कागद नसतो.

मैत्रीत काय लिहून घ्यायचं, असं वाटतं ना? निदान एवढं करा : पैसे देताना यूपीआयच्या नोटमध्ये 'फ्लॅट डिपॉझिट' लिहा, आणि ओनरला ग्रुपमध्ये घेऊन मेसेज टाका, 'आजपासून हिच्या जागी ही, हिचे २० हजार आता हिचे.' ओनरचा 'ओके' आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निघायच्या दिवशी रिकाम्या खोल्यांचा सलग व्हिडिओ करा, प्रत्येक नळ आणि पंखा चालू करून. वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या. चावी सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवून बस पकडू नका. ओनरच्या किंवा त्याने लेखी सांगितलेल्या माणसाच्या हातात द्या, आणि वहीच्या पानावर का होईना, 'चाव्या मिळाल्या' असं लिहून तारखेसह सही घ्या.